थिएटरबाहेरची खुर्ची

सोमवार, ४

आजपासून माझी ट्रॉली सुटली. अकरा वर्षं वॉर्डातून ऑपरेशन थिएटरपर्यंत माणसं ढकलत नेली, आता म्हणे ढकलायचं नाही, बसायचं. थिएटरच्या दाराबाहेर एक लांबट खोली आहे. पेशंट आपला नंबर येईपर्यंत तिथं पडून असतात. त्या खोलीत एक खुर्ची टाकली आहे. ती माझी.

हे खूळ भूलवाल्या बाईंचं. दोन महिन्यांपूर्वी आल्या, भूल द्यायच्या मोठ्या डॉक्टर आहेत. त्यांनी मेट्रनबाईंना सांगितलं, की त्या अर्ध्या-पाऊण तासात माणूस छताकडे बघून बघून भीतीनं अर्धा होतो, जवळ कुणीतरी पाहिजे. नर्सना वेळ नाही. मेट्रनबाईंनी माझं नाव पुढं केलं. "मावशींच्या जिभेवर साखर आहे," म्हणाल्या.

मी विचारलं, "बसून करायचं काय?"

भूलवाल्या बाई म्हणाल्या, "बसायचं."

झालं, एवढंच. ही बाई शब्द मोजून देते.

नवं काम म्हणून नवी वही काढली. ह्यांनी शिवलेल्यांपैकी आहे. हे छापखान्यात बाइंडर होते. उरलेल्या कागदांच्या वह्या शिवून आणायचे आणि फुकट गेलेली पुस्तकंही आणायचे. कशात पानं उलटी लागलेली, कशात मधली सोळा पानं गायब. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी ह्या असल्या पुस्तकांवर शिकले. मधली पानं नसली की मी ती मनानंच भरते. अजून तीच सवय आहे. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली.

बुधवार, ६

तीन दिवसांत बावीस पेशंट. जमतंय. हात हातात घ्यायचा, "काही होत नाही बघा" म्हणायचं. मुलंबाळं किती, घर कुठं, असं काहीतरी विचारून मन दुसरीकडे न्यायचं. एक रिक्षावाला तर माझ्याशी गप्पा मारता मारता घोरायला लागला.

आमची एक सिस्टर आहे, तिला सगळे घड्याळ म्हणतात. येते, एका दमात विचारते, "नाव? वय? कसलं ऑपरेशन? काल रात्रीपासून पोटात काही? पाणी? कवळी आहे? आधी भूल दिलीय? त्रास झाला होता?" उत्तर येईपर्यंत सुई टोचून झालेली असते. पेशंटच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, जरा हसा की." म्हणाली, "मावशी, मास्कच्या आत हसतेय."

शनिवार, ९

भूलवाल्या बाईंचं काही खरं नाही. आज एक म्हातारे होते, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांनी विचारलं, "बाई, मी उठेन ना?" आता ह्याचं उत्तर लहान पोरसुद्धा देईल. ही बाई स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "तुमच्यासारख्या तब्येतीची माणसं जवळजवळ सगळी उठतात. जवळजवळ म्हणते, कारण सगळी म्हटलं तर ते खोटं होईल."

माझ्या अंगावर काटा आला. थिएटरच्या दारात असं बोलतात? म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, हसले, म्हणाले, "चला मग." कशाला हसले कोण जाणे. घाबरून असेल.

मी ह्यांना असं आत जाऊ दिलं नव्हतं. ह्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हे म्हणाले होते, "इकडे बस. दोन गोष्टी सांगायच्या आहेत." माझ्या लक्षात आलं काय असणार ते. मी म्हटलं, "घरी आल्यावर सांगा. आत्ता तोंडातून वाईट काढायचं नाही." मग सकाळपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा. हसत गेले आत. तिसऱ्या दिवशी गेले. पण आत गेले ते हसत, एवढं मला समाधान आहे.

मंगळवार, १२

एक शिवणवाली आली होती, शाळेचे गणवेश शिवते. पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. चाळिशीची असेल, अंगानं काटकुळी, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. हात बर्फासारखे. मी तिचे हात चोळले. म्हणाली, "मावशी, मागच्या वेळी मला…" मी म्हटलं, "मागचं मागं. पुढचं बघायचं. लेक किती मोठी झाली?" म्हणाली, "एकोणीस." तिच्याबद्दल जरा बोलली, मग गप्प झाली.

घड्याळनं पट्टा लावला. बीपी एकशे नव्वदच्या वर. पंधरा मिनिटांनी पुन्हा लावला, तेवढंच. परत पाठवली. गोळ्या दिल्या आणि पुढच्या मंगळवारची तारीख.

मला वाईट वाटलं. मी एवढी जवळ बसले होते तरी.

मंगळवार, १९

आजचा दिवस नको वाटतो. पण लिहिते.

शिवणवाली गोळ्या घेऊन आली. बीपी आज चालण्यासारखं होतं. मी अर्धा तास तिच्याशी बोलत होते. एकदा तिनं माझं मनगट धरलं, "मावशी, लेकीच्या वेळेला पोट फाडून बाळंतपण झालं तेव्हा मी…" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. हलकेच, आईनं ठेवावा तसा. म्हटलं, "थिएटरच्या दारात वाईट बोलायचं नाही. चांगलं बोला, चांगलंच होईल." तिनं मान हलवली. अगदी शहाण्या मुलीसारखी.

मग घड्याळ आली तिचं एका दमातलं घेऊन. "आधी भूल दिलीय? त्रास?" शिवणवालीनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, धीर दिला. ती म्हणाली, "नाही, काही त्रास नाही."

ट्रॉली हलली आणि थिएटरचं दार उघडलं. आतला तो गोल दिवा तिला दिसला असेल. ती उठून बसली, हातातली सुई ओढून काढली आणि खाली उतरली. ओरडली नाही, काही नाही. हिरव्या गाऊनमध्ये, अनवाणी, सरळ कॉरिडॉरनं चालत गेली. फरशीवर रक्ताचे थेंब पडत गेले. बाहेर बसलेली लेक कपड्यांची पिशवी घेऊन मागं धावली.

घड्याळ नुसती बघत राहिली. मी तिला म्हटलं, "इतक्या घाईनं विचारलंत, ती बिथरली." ती बोळा घेऊन फरशीवरचं रक्त पुसायला वाकली.

बुधवार, २०

मेट्रनबाईंनी बोलावून विचारलं काय झालं. मी होतं ते सांगितलं, की सिस्टर माणसासारखं बोलत नाही, पेशंटला धसका बसतो. मेट्रनबाईंनी घड्याळला खाली ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. भूलवाल्या बाई तिथंच होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "मावशी, ती कशाला घाबरते?"

मी म्हटलं, "ऑपरेशनला. सगळे घाबरतात तसं."

"सगळे एकाच गोष्टीला घाबरत नाहीत," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मोठं शहाणपण. मीही अकरा वर्षं घाबरलेली माणसंच बघितली आहेत.

नवी सिस्टर गोड आहे. सगळ्यांना राजा, सोन्या म्हणते. दोनदा सुई चुकली.

शनिवार, २३

शिवणवाली परत आली आहे. स्वतःहून नव्हे, लेकीनं रिक्षात घालून आणली. कडकडून ताप, पोटाला हात लावू देत नाही. सर्जननी लेकीला सांगितलं, पित्ताची पिशवी सुजलीय, सोमवारच्या पुढं थांबलो तर आत फुटेल, मग सगळंच अवघड होईल. शिवणवाली ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार नाही. म्हणते, मरेन, पण त्या दारातून आत जाणार नाही.

लेक मला शोधत आली. "मावशी, तुम्ही समजवा ना. आई तुमचं नाव घेत होती."

मी वर गेले. मनात सगळं जुळवून गेले होते काय काय बोलायचं ते. पडद्यापर्यंत पोचले तर आत भूलवाल्या बाई. स्टूलवर बसलेल्या, हात मांडीवर, गप्प. मी बाहेरच थांबले. किती वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, ह्या बाईला कसं सुचत नाही काही.

मग शिवणवालीच बोलली. "मावशी म्हणतात, वाईट बोलू नये."

"मला वाईटच ऐकायचं आहे," भूलवाल्या बाई म्हणाल्या.

तिनं सांगितलं. लेक झाली तेव्हा भूल दिली होती. मधेच ती जागी झाली. डोळा उघडत नव्हता, बोट हलत नव्हतं. पोटात हात घातलेले कळत होते. कुणीतरी घराला कुठला रंग द्यायचा ते बोलत होतं, पिस्त्यासारखा हिरवा की पांढरा. "मी ओरडत होते," म्हणाली, "आतल्या आत. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांचा रंग ठरेपर्यंत मी ओरडत होते." नंतर सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, बाळंतिणीला भास होतात, असलं कुणाला सांगू नकोस, पोरीच्या जन्माला डाग लागतो. तिनं एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. आपल्या घरातली एक भिंत तशा हिरव्या रंगाची होती, ती तिनं दुसऱ्या महिन्यात स्वतः पांढरी केली.

लेक माझ्या शेजारी उभी होती. तिनं पिशवी छातीशी धरली होती.

भूलवाल्या बाई म्हणाल्या, "हे होतं. क्वचित होतं, पण होतं. तुम्हाला भास झाला नव्हता."

शिवणवाली तेव्हा रडली. मी इतक्या जणांना रडताना बघितलंय, असं रडणं नाही बघितलं. कुणीतरी पाठीवरून पोतं उतरवून घेतल्यावर माणूस जसा श्वास टाकतो, तसं.

"सिस्टरनी विचारलं होतं ना, आधी त्रास झाला का म्हणून? तेव्हा का नाही सांगितलंत?" भूलवाल्या बाईंनी विचारलं.

पडदा पुरता ओढलेला नव्हता. तिनं मला बघितलं. मग बाईंकडे वळून म्हणाली, "हो, विचारलं होतं त्यांनी." माझं नाव सांगितलं नाही.

मी खाली आले. जुळवून नेलेलं सगळं तसंच परत आलं.

रविवार, २४

सुट्टी होती. दोनदा पोळ्या करपल्या.

ती दोनदा सांगायला आली होती. एकदा मी तिला लेकीबद्दल विचारलं, एकदा तोंडावर हात ठेवला. घड्याळनं एका दमात का होईना, विचारलं होतं. आणि "नाही" म्हणायला मान मी डोलावली.

ह्यांनी "दोन गोष्टी" म्हटलं होतं. एक नाही, दोन. म्हणजे मोजून ठेवल्या असतील मनात. आदल्या दिवशीची ती संध्याकाळ मी चार वर्षं उगाळतेय, आणि दर वेळी त्या दोन गोष्टी मीच त्यांच्या तोंडी घालते. एक, की पोराकडे जाऊन राहा, एकटी राहू नकोस. दुसरी, की तू चांगला संसार केलास. इतक्या वेळा घातल्या, की मला त्या त्यांच्या आवाजात ऐकू येतात. पण त्यांनी तसं काही म्हटलेलं नाही. काय म्हणणार होते ते मला माहीत नाही, आणि आता कधीही कळणार नाही. आणि ते हसत आत गेले म्हणून मी लिहिलंय मागं. मी हसले म्हणून ते हसले. मला धीर द्यायला.

पोराला फोन लावला होता. म्हणाला, "काय गं आई, आवाज असा का?" मी म्हटलं, "सर्दी." तो म्हणाला, "वाफ घे." मी ठेवला.

सोमवार, २५

पहाटेच गेले. आधी खाली, ड्रेसिंगच्या खोलीत. घड्याळ बोळे कापत होती.

मी म्हटलं, "सिस्टर, त्या दिवशी चूक माझी होती. मेट्रनबाईंना मी तुमचं नाव सांगितलं."

"ठाऊक आहे."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माणसासारखं बोलत नाही हे काही खोटं नव्हतं." बोळे कापतच म्हणाली, "मावशी, दिवसाला अठरा सुया. पहिल्या दोघा-तिघांच्या डोळ्यांत बघितलं, की दहाव्याला माझा हात थरथरतो. मग शीर सापडत नाही, त्याला चार वेळा टोचावं लागतं. म्हणून मी हाताकडे बघते. मी ठरवलं होतं, निदान दुखवायचं तरी नाही."

मी मेट्रनबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, मान डोलावल्याचंसुद्धा. "तुमच्या जिभेवर साखर आहे म्हणून बसवलं होतं तुम्हाला," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, तीच नडली." त्यांनी घड्याळला वर बोलावलं. माझ्या खुर्चीचं काय ते नंतर बघू म्हणाल्या.

थिएटरपाशी भूलवाल्या बाई भेटल्या. "तिनं सही केलीय. एका अटीवर. तुम्ही आत तिचा हात धरून बसायचं."

"मी? मला का मागितलं तिनं?"

"तिलाच विचारा."

शिवणवाली लांबट खोलीत पडली होती. ताप उतरला नव्हता, ओठ सुकलेले. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "ते राहू द्या. तुम्ही पडद्याआडून ऐकलंत ना सगळं? मग झालं. ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात माझा हात देऊन काय उपयोग?"

भूलवाल्या बाईंनी तिला समजावलं. मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं. अंग ढिलं पडायचं औषध देतात, म्हणून जाग आली तरी बोट हलत नाही. आज एका हाताला आधी घट्ट पट्टा बांधायचा, म्हणजे ते औषध त्या हातात उतरणार नाही. तो हात मोकळा राहील. कपाळावर एक पट्टी लावायची, ती जोडलेलं मशीन झोप किती खोल आहे ते दाखवेल. "तरी जाग आली तर मावशींचा हात दाबा. मी लगेच औषध वाढवीन. जाग येणारच नाही असं मी म्हणत नाही. आली तर तुम्ही एकट्या नसाल, एवढं मात्र नक्की."

बाई हात धुवायला गेल्या. शिवणवाली माझ्याकडे वळली. "मावशी, आणि मी उठलेच नाही तर…"

'काही होत नाही' हे अगदी ओठावर आलं. अकरा वर्षांची सवय. दात दाबून धरले.

"सांगा," म्हटलं.

तिनं सांगितलं. पाच मिनिटं लागली असतील, दहाही असतील. मधे दोनदा थांबली, मला काहीतरी बोलावंसं वाटलं, बोलले नाही. घड्याळ ट्रे घेऊन आली होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि पडद्याबाहेर पाठ करून उभी राहिली, आमचं होईपर्यंत. मग आत आली. विचारायचं ते सगळं विचारलं, एकेक करून. "आधी भूल दिलीय? त्रास?" शिवणवाली म्हणाली, "हो. झाला होता." घड्याळनं लिहून घेतलं. सुई एकदाच टोचली.

आत मला मास्क, टोपी, सगळं चढवलं. एका बुटक्या स्टूलवर बसवलं. तिची बोटं माझ्या हातात, घट्ट्यांची. भूलवाल्या बाईंनी पट्टा आवळला, नळीतून औषध सोडलं. तिचे डोळे माझ्यावरच होते, मग मिटले.

पन्नास मिनिटं. मी तिच्या पोटाकडे एकदाही बघितलं नाही. मशीनवरचा आकडाही मला कळत नव्हता. फक्त बोटं. भूलवाल्या बाई मधूनमधून तिच्या कानाशी वाकायच्या, "जाग असेल तर मावशींचा हात दाबा." एकदा मला वाटलं दाबला. मी "बाई" म्हटलं, सगळे थांबले. बाईंनी आकडा बघितला, पुन्हा कानाशी विचारलं, आणि मला म्हणाल्या, "तुमचीच बोटं थरथरताहेत, मावशी." सर्जननी मधे कुणाला तरी काही विचारलं, जेवणाबद्दल असावं. भूलवाल्या बाई म्हणाल्या, "आज नको, बाहेर बोलू." मग कातरी-चिमट्यांचा आवाज तेवढा राहिला.

मंगळवार, २६

काल इतकं लिहून पेन ठेवलं, दमले होते. राहिलेलं लिहिते.

ती उठली. घसा बसलेला. पहिला शब्द, "झालं?" भूलवाल्या बाईंनी विचारलं, "काय आठवतं?" ती पुष्कळ वेळ विचार करत होती. घरातली हरवलेली वस्तू शोधावी, तशी डोक्यात शोधत होती. "काही नाही," म्हणाली. "मावशींचे डोळे. मग काही नाही." आणि पुन्हा डोळे मिटले. घड्याळ बीपी लिहीत होती, तिनं मास्क खाली ओढून नाक पुसलं.

आज वॉर्डात गेले. ताप उतरलाय. लेक भांडी धुवायला गेली होती. शिवणवाली म्हणाली, "मावशी, ते काल सांगितलेलं… आता विसरून जा."

मी "बरं" म्हटलं. विसरणार नाही. कुणाला सांगणारही नाही, इथंही लिहिणार नाही. ते मी भरलेलं नाही, तिनं दिलेलं आहे.

मेट्रनबाई म्हणाल्या, खुर्ची राहू दे महिनाभर, मग बघू. सकाळी एक सुतार होता, गुडघ्याचं ऑपरेशन. मी विचारलं, "कशाची भीती वाटते?" म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" आणि भिंतीकडे वळला. मी बसून राहिले. त्याचा नंबर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. चांगलं केलं की वाईट, मला समजलं नाही.

निघताना जिन्यात शिवणवालीची लेक भेटली. धुतलेला डबा हातात. "मावशी, काल आत जायच्या आधी आई तुमच्याशी एवढा वेळ काय बोलत होती? माझ्याबद्दल होतं का?"

मी म्हटलं, "तिलाच विचार. दोन दिवसांत बसून बोलायला लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगेल. तू फक्त मधे बोलू नकोस."